बायोस अपडेटनंतर लॅपटॉप चालू होत नाही, सर्व्हिस सेंटर म्हणतं मदरबोर्ड गेला. आधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. लॅपटॉप साडेतीन वर्षांचा आहे, वॉरंटी संपलीय. रात्री विंडोजच्या अपडेटबरोबर बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं, काळ्या स्क्रीनवर टक्के पुढे सरकत होते, मधेच एका आकड्यावर अडकले, तुम्ही १०-१२ मिनिटं थांबलात आणि मग पॉवर बटण दाबून धरून बंद केला. आता बटण दाबलं की लाइट लागते, पंखा फिरतो, कॅप्स लॉकची लाइट लुकलुकते आणि स्क्रीन काळीच. सर्व्हिस सेंटरमध्ये ५ मिनिटांत बघून मदरबोर्ड बदलायचे ३१ हजार सांगितले. आणि तुम्ही विचारताय की व्हिडिओत दाखवतात तसा आतला सेल काढून बघू का, आणि आत एमटेकच्या प्रोजेक्टचं सगळं काम आहे ते राहील का.

मी चिपळूणला १७ वर्षं लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो, आणि अपडेटनंतर बंद पडलेले लॅपटॉप दर महिन्याला येतात. तर सगळ्यात आधी एकच विनंती, बोर्ड बदलायला अजून हो म्हणू नका. बोर्ड गेलेला नसेल म्हणून तर आहेच, पण त्यापेक्षा मोठं कारण तुमचा डेटा आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

बायोस एका छोट्या ८ पायांच्या चिपमध्ये असतो आणि तुमच्या फायली एसएसडीवर असतात, दोन्ही वेगळ्या जागा आहेत. बायोसचं अपडेट तुमच्या फायलींना हातही लावत नाही. त्यामुळे प्रोजेक्ट जागेवर असणार, अगदी बायोसची चिप पूर्ण कोरी झाली असली तरी. पण विंडोज ११ असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती एसएसडी कुलूपबंद असते, म्हणजे बिटलॉकर किंवा होम एडिशनमध्ये त्याचाच धाकटा भाऊ डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलं की ते आपोआप चालू होतं, तुम्ही काही निवडलेलं नसतं, तुम्हाला माहीतही नसतं. या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षेच्या भागाच्या भरवशावर असते आणि तो टीपीएम आजकाल बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतच असतो, प्रोसेसर बोर्डला सोल्डर केलेला असतो. म्हणजे बोर्ड बदलला की टीपीएम बदलला, आणि मग एसएसडी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर जगातला कुठलाही दुकानदार ते उघडून देऊ शकत नाही, मीही नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझ्याकडे खेडच्या एक ताई आल्या होत्या, पीएचडीचं काम, लॅपटॉप अपडेटनंतर असाच बंद पडलेला. एका सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलून दिला, जुना बोर्ड त्यांनी परत घेतला, लॅपटॉप चालू झाला आणि निळ्या स्क्रीनवर की मागायला लागला. ताईंनी तो लॅपटॉप घेतला तेव्हा ज्या दुकानातून घेतला तिथल्या पोराने स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलवरून सेटअप करून दिला होता, तो पोरगा दुकान सोडून गेलेला. आम्ही ३ आठवडे त्याला शोधत होतो. तो सापडला पण त्याला त्या ईमेलचा पासवर्डच आठवेना. ४ वर्षांचं काम त्या एसएसडीत धडधाकट पडून आहे आणि ते उघडत नाही. जुना बोर्ड हातात असता तर मी बायोस परत टाकून बघितला असता, उघडण्याची आशा तरी होती. त्या ताईंचा चेहरा अजून आठवतो म्हणून हा परिच्छेद प्रत्येकाला सांगतो.

तर आज करायचं काम हे, मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकरची रिकव्हरी की दिसते का बघा. दिसली तर स्क्रीनशॉट नको, कागदावर लिहा, दोनदा तपासा. कॉलेजच्या ईमेलने लॉगिन असेल तर ती की कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे असू शकते, त्यांना विचारा. दुकानात किंवा भावाच्या, मित्राच्या अकाउंटवरून सेटअप झाला असेल तर त्यांच्याकडे शोधा. आणि लोकल अकाउंट असेल, मायक्रोसॉफ्टचं कधी जोडलंच नसेल, तर डिव्हाइस एन्क्रिप्शनचं कुलूप सहसा पूर्ण लागलेलं नसतं, की लागत नाही, तुम्ही स्वतः बिटलॉकर चालू केलेला नसेल तर त्या बाबतीत निश्चिंत राहा.

की मिळाली की अर्धं संकट संपलं. कारण एसएसडी काढता येणारी असेल, म्हणजे एम डॉट टूची पट्टी, तर ती काढून यूएसबीच्या केसमध्ये टाकायची, १०००-१५०० रुपयांत अशी केस मिळते (एसएसडीचे दोन प्रकार असतात, एनव्हीएमई आणि साटा, तुमची कुठली ते बघून त्याचीच केस घ्या), दुसऱ्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावायची, तो की मागेल ती द्यायची आणि प्रोजेक्ट कॉपी करून घ्यायचा. लॅपटॉप मेलेला असतानाच डेटा बाहेर येतो. अगदी स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, तिथे मात्र हे जमत नाही, आधी बोर्डच उठवावा लागतो.

आता लॅपटॉपकडे येऊ. "अपडेटनंतर बंद पडला" या एका वाक्याखाली माझ्या टेबलावर निदान चार वेगवेगळे आजार येतात आणि बाहेरून चारही सारखेच दिसतात. त्यामुळे बायोस परत कसा टाकायचा हे विचारण्याआधी लॅपटॉप चालू होताना नेमका कुठपर्यंत पोचतोय हे बघायचं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये ५ मिनिटांत हे कळत नाही, त्यांच्याकडे बोर्ड बदलणं हाच रिपेअर असतो, चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डवरचा एकेक भाग दुरुस्त करणं, ते करतच नाहीत. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या पद्धतीत उत्तर तेच येतं.

पहिला प्रकार, खरंतर काही बिघडलेलंच नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना लॅपटॉप रॅम नव्याने ओळखतो, ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि डीडीआर५ रॅम असेल तर स्क्रीन काही मिनिटं पूर्ण काळी राहते. काही लॅपटॉप आपणहून २-३ वेळा बंद-चालू होतात, पंखा जोरात फिरतो. लोक घाबरून बटण दाबून धरतात आणि तिथेच खरं नुकसान होतं. तुमच्या बाबतीत ही वेळ निघून गेलीय, तरी एक साधी गोष्ट करून बघा, चार्जर लावा, बटण दाबा आणि अर्धा तास त्याला अजिबात हात लावू नका. यात तोटा काही नाही.

दुसरा प्रकार, बायोस ठीक आहे पण सेटिंग बदलली. इथे स्क्रीन येते, कंपनीचा लोगो येतो आणि मग विंडोज निळी पडते किंवा "बूट डिव्हाइस नाही" असं म्हणते. अपडेटने स्टोरेजचा मोड बदललेला असतो, इंटेलच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी किंवा रेड चालू होतं ते एएचसीआय झालं किंवा उलटं. बायोसमध्ये जाऊन आधी होतं तसं केलं की ५ मिनिटांत विंडोज सुरू. अशा लॅपटॉपवर लोकांनी विंडोज फॉरमॅट करून टाकलेली मी पाहिली आहे, काहीही गरज नसताना. याच प्रकारात एएमडी प्रोसेसरवाल्यांना एक धोका आहे, अपडेटनंतर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत विचारतो की एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करायचा का, वाय की एन. बिटलॉकरची की हातात नसेल तर वाय दाबू नका. तुमची स्क्रीनच येत नाही म्हणजे तुम्ही या प्रकारात नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

तिसरा प्रकार लोकांना पटत नाही पण तो खूप असतो. बायोसचा काही दोष नसतो, रॅम किंवा एसएसडी किंवा चार्जिंगचा भाग आधीच कमजोर झालेला असतो. आपण महिनोन्‌महिने झाकण लावून लॅपटॉप झोपवतो, पूर्ण बंद करतच नाही, आणि अपडेट हीच त्याची कित्येक आठवड्यांतली पहिली खरी रीस्टार्ट असते. रीस्टार्टला रॅम पुन्हा तपासली जाते आणि तिथे तो अडकतो. आमच्या कोकणात पावसाळ्यात तर हे नेहमीचं, रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर काळपट थर येतो, खोडरबराने हलक्या हाताने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली आणि परत बसवली की डिस्प्ले येतो. अपडेटने मारला म्हणून आलेला लॅपटॉप खोडरबराने सुरू झाला की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं, पण मी त्यांना समोर बसवूनच करतो.

चौथा प्रकार म्हणजे चिपमधला बायोस खरंच अर्धवट लिहिला गेलाय. तुम्ही टक्के चालू असताना बंद केला त्यामुळे तुमचा कल या बाजूला आहे असं मला वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नका, मोजून बघू.

मोजायचं असं की कॅप्स लॉक किती वेळा लुकलुकते ते बघा. मोबाइलवर १ मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि सावकाश मोजा, लांब किती, छोटे किती, मधे थांबतो कुठे. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही म्हणून दोन-तीन सांगतो. एचपीच्या जुन्या घरगुती मॉडेलमध्ये २ वेळा म्हणजे बायोस, ३ वेळा म्हणजे रॅम. नव्या मॉडेलमध्ये लांब आणि छोटे मिळून आकडा होतो, २ लांब २ छोटे म्हणजे बायोसचा मुख्य भाग खराब. डेलमध्ये कॅप्स लॉकऐवजी चार्जिंगची लाइट बोलते, पिवळी आणि पांढरी, २ पिवळ्या २ पांढऱ्या म्हणजे बायोस, २ आणि ३ म्हणजे रॅम सापडत नाही, ३ आणि ३ म्हणजे बायोस खराब आहे हे त्याला कळलंय आणि तो रिकव्हरीची फाइल शोधतोय पण मिळत नाहीये. हे शेवटचं मिळालं तर आनंद माना. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलची यादी बघूनच नक्की करा.

मग सेल काढायचा का? तुमच्या लॅपटॉपमध्ये स्क्रूने उघडता येणारी पाठ असेल तर करा, पण त्यातून काय होतं ते समजून करा. सेल काढल्याने जुना बायोस परत येत नाही. बायोस ज्या फ्लॅश चिपमध्ये असतो तिला वीज नसली तरी लिहिलेलं तसंच राहतं, आणि आजकाल सेटिंगही बरीचशी त्याच चिपमध्ये असते, सेल फक्त घड्याळ आणि थोडंफार सांभाळतो, कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये तर वेगळा सेलच नसतो. उपयोग एवढाच की बोर्डवरचा कीबोर्ड-पॉवर सांभाळणारा कंट्रोलर पूर्ण रीसेट होतो, आणि कधीकधी तोच मधल्या अवस्थेत अडकलेला असतो. त्यासाठी चार्जर काढा, मग मेन बॅटरीचं कनेक्टर काढा, सेल असेल तर तोही, पॉवर बटण १ मिनिट दाबून धरा, १० मिनिटं ठेवा, परत जोडा. लेनोवोचा थिंकपॅड असेल तर सहसा उघडायचीही गरज नाही, खाली एक बारीक भोक असतं, चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप टोचायची, १ मिनिट थांबायचं. मेन बॅटरी न काढता आत स्क्रू ड्रायव्हर फिरवू नका, एक स्क्रू चुकीच्या जागी पडला की खरोखर बोर्ड जातो, मग सर्व्हिस सेंटरचं म्हणणं खरं होतं.

उघडलाच आहे तर रॅमही काढून पुसून बसवा, २ पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एवढ्यात तिसरा प्रकार असेल तर सुटतो.

हे करून काही नाही झालं तर कंपनीने ठेवलेला मागचा दरवाजा. बायोसच्या चिपमध्ये एक छोटा भाग असा असतो की जो अपडेट सहसा पुसत नाही, मुख्य भाग खराब दिसला तर तो पेन ड्राइव्हवरून चांगली फाइल उचलू शकतो. त्यासाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमच्याच मॉडेलचा बायोस कंपनीच्या साइटवरून उतरवा. तुमच्याच म्हणजे पाठीवरच्या स्टिकरवरच्या पूर्ण प्रॉडक्ट नंबरचा, "१५ इंचवाला तोच आहे" असं नाही, एका नावाखाली इंटेलचे आणि एएमडीचे दोन्ही बोर्ड असतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, ३२ जीबीपेक्षा मोठा नको, जुना साधा ८ जीबीचा सगळ्यात चांगला चालतो.

एचपीची फाइल चालवली की त्यातच रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवायचा पर्याय येतो, तो बनवा. मग लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर लावलेला, पेन ड्राइव्ह लावलेला, कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि बी दोन्ही दाबून धरा, पॉवर बटण २-३ सेकंद दाबून सोडा पण विंडोज आणि बी सोडू नका. जवळजवळ ४० सेकंद काहीच दिसणार नाही, कधी बीप येतात. बी ने नाही झालं तर व्ही ने बघा. डेलमध्ये फाइलचं नाव बदलून इंग्रजी कॅपिटलमध्ये बायोस, अंडरस्कोर, आयएमजी असं करायचं आणि शेवटी डॉट आरसीव्ही, चार्जर काढलेला ठेवायचा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच चार्जर लावायचा, रिकव्हरीची स्क्रीन आली की सोडायचं. बाकी कंपन्यांचं मॉडेलप्रमाणे वेगळं आहे, तुम्ही मॉडेल सांगितलंत तर नेमकं सांगेन. पहिल्या वेळी जमलं नाही म्हणून सोडू नका, यूएसबीचं पोर्ट बदला, पेन ड्राइव्ह बदला. माझ्याकडे एक लॅपटॉप सहाव्या प्रयत्नाला उठलाय, पोर्ट बदलल्यावर. आणि एकदा रिकव्हरी सुरू झाली की इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असू द्या, लाइट जायची वेळ बघून करा, परत मधे तुटलं तर तो मागचा दरवाजाही बंद होऊ शकतो.

इथपर्यंतचं सगळं तुम्ही घरी करू शकता: आधी की शोधणे, मग डेटा काढणे, अर्धा तास थांबणे, लाइट मोजणे, वीज तोडून रीसेट आणि रॅम, शेवटी पेन ड्राइव्हची रिकव्हरी. हाच क्रम ठेवा, कारण मागचं पाऊल चुकलं तरी पुढचं बिघडत नाही अशा हिशोबाने तो लावलाय. यापुढचं काम टेबलावरचं आहे.

टेबलावर मी सगळ्यात आधी लॅपटॉप चार्जरऐवजी डीसी सप्लायवर लावतो, त्यावर अँपिअर दिसतात. चांगला लॅपटॉप बटण दाबल्यावर करंट वर-खाली करत १ अँपिअरच्या पुढे जातो. बायोस खराब असलेला ठरावीक कमी आकड्यावर चढून तिथेच गोठतो, किंवा दर काही सेकंदांनी बंद होऊन परत चालू होतो. शॉर्ट असेल तर आकडा वेगळाच दिसतो. त्यामुळे "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला तुम्ही एवढंच विचारा, सप्लायवर लावून करंट बघितला का. उत्तरावरून माणूस कळतो.

मग बायोसची चिप. तिच्यावर २५क्यू६४ किंवा २५क्यू१२८ असं काही लिहिलेलं असतं, ६४ म्हणजे ८ एमबी, १२८ म्हणजे १६ एमबी. शेवटची अक्षरंही वाचावी लागतात. विनबाँड कंपनीच्या चिपवर जेव्ही असेल तर ३.३ व्होल्टची, जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची, दिसायला दोन्ही एकसारख्या. ऑनलाइन मिळणारा जो काळा स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) आहे तो डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो, त्याने १.८ ची चिप आणि तिच्या मागचा चिपसेट दोन्ही जाऊ शकतात. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हा प्रोग्रामर मागवतात आणि क्लिप लावतात, शिकायचं असेल तर जुन्या भंगार बोर्डवर शिका, ज्यात तुमचं एमटेक आहे त्यावर नको.

आणि आता या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची सवय. चिपमध्ये काहीही लिहिण्याआधी आत जे आहे ते वाचून जपून ठेवायचं, भले ते खराब असो. २ वेळा वाचायचं, दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढे. कारण त्या चिपमध्ये नुसता बायोस नसतो. तुमच्या लॅपटॉपचा सिरीयल नंबर असतो, विंडोज ८ पासून पुढच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने दिलेली विंडोजची लायसन्स की असते, कधी लॅनचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, आणि इंटेलच्या बोर्डवर मॅनेजमेंट इंजिन या इंटेलच्या वेगळ्या सॉफ्टवेअरचा भाग असतो. घाईत कोणी नेटवरून मिळालेली दुसऱ्याच लॅपटॉपची पूर्ण फाइल भरली तर डिस्प्ले येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि आठवड्याने परत येतं की विंडोज अ‍ॅक्टिव्हेट नाही, सिरीयल नंबर कोणाचा तरी दुसराच दाखवतोय, किंवा लॅपटॉप बरोबर अर्ध्या तासाने बंद पडतो. तो अर्ध्या तासाचा आजार मॅनेजमेंट इंजिनचा, तो भाग जुळला नाही की लॅपटॉप ३० मिनिटांनी स्वतःला बंद करतो, आणि लोक बिचारे गरम होतोय म्हणून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलत बसतात. बरोबर पद्धत ही की कंपनीच्या फाइलमधला चांगला बायोसचा भाग घ्यायचा आणि तुमच्या जुन्या वाचनातला तुमचा भाग त्यात बसवायचा. वेळ लागतो, पण तेच काम. आणि तुमचा टीपीएम, तुमचा प्रोसेसर, तुमचाच बोर्ड राहतो म्हणून बिटलॉकर उघडण्याची शक्यताही राहते. तरीही तो एकदा की मागू शकतो, म्हणून की आधी.

माझ्याकडे या कामाचे दीड ते अडीच हजार होतात, चिप बदलावी लागली तर थोडे जास्त. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम करणारे बरेच आहेत, तुमच्या साताऱ्यातही असतील. दुकानात गेल्यावर विचारा की लिहिण्याआधी जुन्या चिपचा बॅकअप घेणार का आणि ती फाइल मला पेन ड्राइव्हवर द्याल का. हो म्हणाला तर द्या. "बॅकअप कशाला, माझ्याकडे फाइल आहे" म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि निघा. एसएसडी काढून घरी ठेवूनच लॅपटॉप द्या, बायोसच्या कामाला ती लागत नाही.

माझं निदान चुकू शकतं ते कुठे, तेही सांगतो. लॅपटॉपवर पूर्वी चहा-पाणी सांडलं असेल, किंवा अपडेट चालू असताना लाइट जाऊन झटका बसला असेल, तर बायोसबरोबर बोर्डवरचा सप्लायचा भागही गेलेला असू शकतो आणि खर्च वाढतो. प्रोसेसरच गेला असेल तर मात्र बोर्ड बदलणं हाच शहाणपणा. अपडेटने प्रोसेसर गेलेला मी १७ वर्षांत पाहिलेला नाही.

सर्व्हिस सेंटरशी एकदा परत बोला. वॉरंटी संपलीय हे खरं, पण अपडेट तुम्ही शोधून टाकलं नव्हतं, ते विंडोजमधून आपणहून आलं होतं, हे लेखी ईमेलने कळवा, जॉबशीटवर "बायोस अपडेटनंतर नो डिस्प्ले" असं लिहून घ्या. काही वेळा कंपनी वरून मंजुरी आणून बोर्ड फुकट किंवा कमी पैशांत देते. नाही ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार टाकता येते. बोर्ड फुकट मिळत असला तरी डेटा आधी बाहेर काढा, आणि जुना बोर्ड ते ठेवून घेणार का हे विचारा.

तुम्ही हेही लिहिलंय की यापुढे बायोसचं अपडेट कधीच करणार नाही. राग समजतो, पण तसं करू नका. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोगोफेल नावाच्या त्रुटी समोर आल्या, लॅपटॉप चालू होताना दिसणाऱ्या कंपनीच्या लोगोच्या चित्रातून घुसता येत होतं, त्या फक्त बायोसच्या अपडेटनेच बंद होतात. आणि सिक्युअर बूटची (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू देणाऱ्या सोयीची) २०११ ची सर्टिफिकेट २०२६ मध्ये संपतात, नवी सर्टिफिकेट आणायला काही लॅपटॉपना बायोसचंही अपडेट लागतं. तेव्हा अपडेट करा पण आपल्या वेळेला. बायोसमध्ये विंडोजमधून फर्मवेअर (म्हणजे बायोसचं) अपडेट घेण्याचा पर्याय असतो, कॅप्सूल अपडेट किंवा तत्सम नावाने, तो बंद ठेवा, आणि वर्षातून एकदोनदा दिवसा, बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला, बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करून, स्वतः कंपनीच्या साइटवरून करा. टक्के अडकले तर निदान १ तास हात बांधून बसा.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर (सिरीयल नंबर टाकू नका), लाइट किती वेळा लुकलुकते, आणि की सापडली का. की सापडली नसेल तर बाकीचं सगळं थांबवा, आधी लॅपटॉप पहिल्यांदा कोणी आणि कुठल्या ईमेलवरून चालू करून दिला होता ते घरच्यांना विचारून काढा.